पालथं पातेलं

आमच्या घरात शिट्टी वाजवायला मनाई होती. ही मनाई कुणी जाहीर केली नव्हती, पण सोलापुरातल्या आमच्या तीन खोल्यांत ती सगळ्यांना ठाऊक होती. दूधवाला शिट्टी वाजवत जिना चढला तर अव्वा, म्हणजे आमची आई, दारातूनच म्हणायची, "तोंड मिट की बाबा, आमच्यात माणूस आजारी हाय." आजारी माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. तो त्या वेळी आत बसून शेंगाचटणी आणि भाकरी खात असे आणि तब्येतीनं आम्हा सगळ्यांपेक्षा बरा असे.

अण्णाला आजार झाला तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळाच्या दिवसांत. त्यात माणसाचं मन आधी नको इतकं वर जातं आणि मग नको इतकं खाली. वर गेलं तेव्हा अण्णा कित्येक रात्री झोपला नाही. तो अखंड शिट्टी वाजवत होता आणि भेटेल त्याला मोठमोठे बेत सांगत होता. शेवटी त्यानं अख्ख्या गल्लीला स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण दिलं आणि बँड ठरवला. ठरल्या दिवशी बँड आला. दारात उभं राहून त्यांनी दोन गाणी वाजवली. मग म्होरक्यानं आमच्या वडिलांना, अप्पांना, अदबीनं विचारलं, "नवरी कुटं हाय?"

नवरी नव्हती. ती ठरलीच नव्हती.

गल्ली हसली. अण्णाही हसला. त्यानंतर तो खाली गेला आणि कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या महिन्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

मग पुण्याहून शनिवारी येणाऱ्या डॉक्टरांनी त्याला लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. रक्त तपासत राहायचं, पाणी भरपूर प्यायचं, मीठ तोडायचं नाही, गोळी चुकवायची नाही. अण्णानं एकही गोळी चुकवली नाही. गोळी लागू पडली. तो पुन्हा चादरीच्या कारखान्यात कामाला जाऊ लागला. आखलेल्या कागदावर चौकोन भरून चादरीची नक्षी काढायची, हे त्याचं काम होतं. मी इथे सांगतोय त्या हिवाळ्यापर्यंत तो दोन वर्षं उत्तम होता. डॉक्टर तसं म्हणत. रक्ताचे अहवाल तसं म्हणत. फक्त अण्णा तसं म्हणत नसे, आणि अव्वाला ते पटत नसे.

शिट्टी हे आजाराचं पहिलं लक्षण, असं अव्वानं ठरवून टाकलं होतं. शिट्टी ऐकू आली की ती चुलीजवळच्या फळीवरचं पितळेचं पातेलं पालथं घालायची. ही आम्हाला खूण. पातेलं पालथं दिसलं की अप्पांनी दुकानातून लवकर यायचं, मी अण्णावर नजर ठेवायची आणि सगळ्यांनी काहीच झालं नाही असं वागायचं. आम्ही हे इतकं वाईट करायचो की अण्णा घरात पाऊल टाकताच विचारायचा, "पातेलं पालथं हाय का?" दोन वर्षांत ते बऱ्याचदा पालथं झालं. एकदा रेडिओमुळे झालं, एकदा क्रीडांगणावरच्या पंचामुळे. शेजारच्यांनी प्रेशर कुकर घेतला तेव्हा तर ते आठवडाभर सरळ झालंच नाही.

मी त्या वेळी गावातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. आमच्याकडे वयोवृद्ध पुढाऱ्यांचे मृत्युलेख आधीच जुळवून ठेवलेले असत. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत बांधलेला मजकूर कोपऱ्यात तयार पडून असायचा. वर फक्त तारीख घालायची. त्यांतले एक पुढारी दर दिवाळीला फराळाला यायचे आणि त्या कोपऱ्याला पाठ करून चकली खायचे. अण्णाचा स्वतःबद्दलचा मजकूर असाच जुळवून ठेवलेला होता. काहीही घडो, वर तारीख घालायची आणि छापायचं.

कारखान्याचे मालक तेलुगू बोलणारे, मोजून बोलणारे गृहस्थ. बायकोच्या स्वयंपाकालाही त्यांनी कधी बरं म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. ते एकदा अण्णाची मोराची नक्षी बघून "बागुंदी" म्हणाले, म्हणजे छान आहे. अण्णा घरी येऊन म्हणाला, "मला काढून टाकणार दिसतंय."

"छान म्हणाले ना?"

"म्हणूनच. जाणाऱ्या माणसाला चांगलंच बोलतेत."

समोरच्या काकांनी नमस्कार केला नाही, तर अण्णाच्या मते त्यांना वाटतंय हा परत बिघडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नमस्कार केला, तर ते दया करायलेत. दोन उलट घटना आणि मथळा एकच.

आमच्या कचेरीत एक नियम होता. ऐकलेली बातमी दोघांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. ते दोघं एकमेकांशी बोलत नसतील तर उत्तम. म्हणजे संगनमताचा संशय राहत नाही. मी हा नियम अण्णाला लावायला लागलो. त्यामागे काही उपचाराचा विचार नव्हता. कचेरीतली सवय घरी आली, इतकंच.

"हे कोण म्हणालं?" मी विचारायचो.

"मीच म्हणालो."

"दुसरा कोण?"

"दुसरा कशाला पायजे बे? मी खाली राहून आलोय. मला तिथला पत्ता ठावं हाय."

"एकाच माणसाची बातमी. घेता येत नाही."

"तुझा पेपर बंद पडणार बघ," अण्णा म्हणायचा. हेही तो एकटाच म्हणत होता.

त्या हिवाळ्यात अण्णाची एका बाईंशी ओळख झाली. मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत आणि भावाकडे राहत. मुलींना कारखाना दाखवायला आणलं होतं, तेव्हा त्यांनी अण्णाला विचारलं, "तुमचे मोर सगळे खाली मान घालून का उभे आहेत?" अण्णानं उत्तरादाखल आपला सगळा आजार त्यांना सांगितला. शिट्टी, बँड, भिंत, गोळ्या, सगळं. सावध करण्यासाठी सांगितलं, असं तो मला नंतर म्हणाला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. पण मोरांची मान वर केली तर चौकोन वाढतील का?"

तिथून ते भेटू लागले. कधी कारखान्याच्या दारात, कधी तळ्याच्या काठी, आणि बोलणं नक्षीचंच. एका गुरुवारी संध्याकाळी बाई त्याला म्हणाल्या, "माझ्या भावानं स्थळ आणलंय. करकंबचं. ऊस आहे, ट्रॅक्टर आहे. सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय. मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमचं हो की नाही ते मला रविवारपर्यंत कळलं पाहिजे."

अण्णा म्हणाला, "ट्रॅक्टर असेल तर चांगलंच स्थळ हाय."

"मी ट्रॅक्टरला विचारत नाहीये," बाई म्हणाल्या.

रविवारी आम्ही सगळे मोडनिंबला मामाच्या शेतावर हुरड्याला जाणार होतो. अण्णानं बाईंनाही यायला सांगितलं आणि उत्तर तिथेच द्यायचं ठरलं. अण्णा जिलबीचा पुडा घेऊन घरी आला, मोरीत पाय धुवायला गेला आणि मोरीतून शिट्टी ऐकू आली.

पातेलं पालथं झालं. अप्पा दुकान अर्धं उघडं टाकून आले. शेजारच्या कुकरवर आळ घ्यायची सोय नव्हती, कारण ते लोक गावाला गेले होते. अण्णा मोरीतून बाहेर आला, त्यानं फळीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"व्हय," तो म्हणाला, "मलाबी तसंच वाटतंय. चालू झालंय."

त्यानं आम्हाला सगळं सांगितलं. अव्वानं डोळ्याला पदर लावला आणि जिलबी शिंक्यावर टांगून ठेवली, कुणाचा हात पोचणार नाही अशी. आनंदाची बातमी ऐकून घर इतकं काळजीत पडलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

शनिवारी अण्णा, अव्वा आणि मी डॉक्टरांकडे गेलो. अण्णा खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टर, मला भरती करून घ्या."

"काय होतंय?"

"आनंद."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "कधीपासून?"

"गुरुवारी संध्याकाळपासून. बाईंनी विचारल्यापासून."

"झोप?"

"लागते. आज सकाळी अव्वानं हलवून उठवलं."

"काही खरेदी?"

"जिलबी."

"किती?"

"घरात पुरेल एवढी."

"पुरली न्हाय," अव्वा म्हणाली. तिनं ती शिंक्यावरून कधी काढली आणि कुणी खाल्ली, याचा तपास लागलेला नव्हता.

डॉक्टरांनी अण्णाकडे नीट बघितलं. "कुणाला लग्नाची आमंत्रणं दिली?"

अण्णाची मान खाली गेली. "न्हाय. अजून तिलाच हो म्हटलं न्हाय."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "शिट्टी कशी होती?"

"बेसूर होती. सलग नव्हती. पाय धुऊन झाल्यावर थांबली."

"मग ती लग्न ठरताना वाजवतात तीच शिट्टी आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बरे आहात."

"एक गोळी जास्त घेऊ का?" अण्णानं आशेनं विचारलं.

"अजिबात नाही." मग ते जरा पुढे झुकले. "हे बघा. गोळी आजाराला धरून ठेवते. ते काम ती चोख करतेय. पण आजारपणात तुम्ही स्वतःबद्दल जे जे म्हणत पडून राहिलात, ते आता तोंडपाठ झालंय. पाढ्यासारखं. बे एके बे म्हटलं की बे दुणे चार आपोआप येतं. तसं आनंद म्हटलं की तुमचं पुढचं आपोआप येतं, आता मी माती करणार, आता लोक हसणार. हा आजार नाही. हा पाढा आहे. आणि पाढा विसरायची गोळी अजून निघालेली नाही."

"मग काय करायचं?"

"मध्येच थांबायचं आणि विचारायचं, हे कुणी सांगितलं. रोज विचारायचं. लगेच जात नाही ते. आणि शिट्टी वाजवायची."

"वाजवायची?" अव्वा उठून उभी राहिली.

"वाजवू द्या त्यांना."

बाहेर आल्यावर अव्वा म्हणाली, "डॉक्टर नवा दिसतोय." दोन वर्षं तेच डॉक्टर होते.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. बाई अव्वाशेजारी बसल्या. अव्वानं मांडीवर तेच पितळेचं पातेलं घेतलं होतं. त्यात दही लावलेलं होतं आणि तोंडाला फडकं बांधलेलं होतं. हुरड्याला दही मामाच्याकडेही होतं, पण अव्वाचा कुणाच्याही दह्यावर विश्वास नव्हता. मोहोळपर्यंत ती बाईंशी एक शब्द बोलली नाही. मोहोळला म्हणाली, "ट्रॅक्टर हाय म्हणं तिकडं." बाई म्हणाल्या, "आहे. पण तो आवाज फार करतो." अव्वाला ते कुठेतरी पटलेलं दिसलं. तिनं पातेल्यावरचं फडकं जरा सैल करून बाईंना दही कसं लागलंय ते दाखवलं.

दुष्काळ सरून जोमात आलेली ज्वारी होती ती. मामानं आगटी पेटवून ठेवली होती. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची आणि गरम हिरवे दाणे फुंकून खायचे. मामा बोलत होता. आम्ही उतरलो तेव्हा तो बोलत होता, आम्ही बसलो तेव्हाही बोलत होता. पहाटे तीनपासून झोप नाही म्हणाला. औंदा दोन विहिरी पाडायच्या म्हणाला, द्राक्षं लावायची, द्राक्षं परदेशात पाठवायची, तिकडून येताना बैल आणायचा. मग त्यानं पागोटं उडवून एक गाणं म्हटलं आणि शेजारच्या शेतातल्या सगळ्यांना, ओळख नसताना, हुरड्याला बोलावलं.

अण्णा त्याच्याकडे काळजीनं बघत होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कमी झोप. लई बोलणं. मोठमोठे बेत. खर्च. मामाला डॉक्टरांकडं दाखवाय पायजे बे."

"मामा जन्मापासून असाच आहे."

"मग याला कुणी गोळी का दिली न्हाय?"

मला हसू आवरलं नाही. तोंडातला हुरडा नाकात गेला. बाईंनी विचारलं काय झालं; अण्णानं अत्यंत गंभीरपणे मामाची लक्षणं त्यांना सांगितली. बाई हसायला लागल्या, त्यांना हसताना बघून अप्पा कारण न कळताच हसायला लागले, आणि आपलं गाणं आवडलं असं समजून मामानं ते पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अव्वा तेवढी हसत नव्हती. ती अण्णाच्या ओठांवर लक्ष ठेवून होती.

गाणं संपल्यावर बाईंनी हातावरचं हुरड्याचं कूस झटकलं. "आता सांगा," त्या म्हणाल्या. "गाडी यायच्या आत."

सगळे गप्प झाले. मामासुद्धा.

अण्णा म्हणाला, "आत्ता सांगता येणार न्हाय. आत्ता मी आनंदात हाय. आनंदात असताना मी एकदा अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलं होतं. माझं आनंदातलं बोलणं धरू नका."

"मग कधीचं धरू? तुम्ही उदास व्हायची वाट बघू?"

"तसं केलं तर बरं."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या वैतागल्या नाहीत. मुलीला चित्रातली चूक विचारावी तसं त्यांनी विचारलं, "मागच्या महिन्यात चार दिवस तुम्ही कारखान्याच्या दारात माझ्याशी धड बोलला नाहीत. तेव्हा उदास होता?"

"होतो."

"तेव्हा माझ्याबद्दल काय वाटत होतं?"

अण्णानं काठीनं विस्तव उकरला. "हेच वाटत होतं की तुमच्याशी लग्न करावं. पण त्यात तुमचं वाटोळं होणार."

"आणि आत्ता?"

"आत्ता वाटतंय, तुमच्याशी लग्न करावं. आणि वाटोळं न्हाय होणार."

"वाटोळ्याबद्दल तुमच्यातल्या उदास आणि आनंदी माणसाचं जुळत नाही," बाई म्हणाल्या. "पहिलं वाक्य मात्र दोघांचंही तेच आहे."

अण्णानं मान वर केली. तो बाईंकडे न बघता माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत होतं, हळूहळू.

"ते दोघं," तो म्हणाला, "एकमेकांशी बोलत न्हाईत."

"नाहीत," मी म्हणालो.

"एकमेकांचं तोंड बघत न्हाईत बे."

"मला माहीत आहे."

"मग घेता येते की रे बातमी!"

"घेता येते."

तो बाईंकडे वळून म्हणाला, "हो." इतकंच म्हणाला. त्यानंतर त्याला काय करावं ते सुचेना. त्यानं एक कणीस उचललं, ठेवलं, उभा राहिला, बसला, आणि विस्तवाकडे तोंड करून शिट्टी वाजवायला लागला. बेसूर, मोठ्यांदा.

अव्वाचा हात पातेल्याकडे गेला. तिनं बघितलंसुद्धा नाही. दोन वर्षांच्या सवयीनं तिनं ते उचललं आणि पालथं घातलं.

सगळं दही अप्पांच्या मांडीवर पडलं.

अप्पांच्या धोतरावरून दही आगटीकडे ओघळलं आणि चुर्र झालं. अव्वा आपल्याच हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग अण्णा म्हणाला, "अव्वा, तुलाबी पाढा पाठ हाय की गं!"

पहिली अव्वाच हसली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग अप्पा, दह्यात बसल्याबसल्या. मामा हसून हसून ज्वारीत पडला आणि तिथूनच ओरडला, "दही शुभ असतंय!" ओळख नसलेले शेजारीही हसत होते. बाई अप्पांचं धोतर पुसायला गेल्या आणि हसू न आवरून तिथेच खाली बसल्या. अण्णा मध्येच घाबरून नाडी बघायचा, स्वतःची, आणि पुन्हा हसायचा.

लग्न साधं करावं, बँड नको, असं अण्णा परतीच्या गाडीची वाट बघताना म्हणाला. गल्ली हसेल.

"बँड पाहिजे," बाई म्हणाल्या. "तोच पाहिजे. त्यांनी विचारलं होतं ना, नवरी कुठाय म्हणून? मग मी त्यांना दिसायला नको?"

एस.टी.त अण्णा माझ्याशेजारी बसला. गाडीनं मोडनिंब सोडलं तशी त्याची मान खाली आली.

"उद्या तिचा विचार बदलेल," तो म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"मीच."

"दुसरा?"

मोहोळ मागे गेलं. मग तो म्हणाला, "दुसरा म्हणतोय, औंदा मोरांच्या माना वर कराव्यात."

आणि त्यानं खिडकीकडे तोंड करून हळूच शिट्टी सुरू केली. पुढच्या बाकावर अव्वा आणि बाई बसल्या होत्या. रिकामं, घासलेलं पातेलं अव्वाच्या मांडीवर होतं. शिट्टी कानावर गेल्यावर तिचा हात हलला. बाईंनी काही न बोलता पातेल्याचा दुसरा काठ धरला. सोलापूर येईपर्यंत दोघींनी ते तसंच सरळ धरून ठेवलं.